झीलकरी

आमच्या वस्तीवर मेंढरांची कातरणी वर्षातून दोनदा व्हायची, आणि ते दोन्ही दिवस मला दिवाळीपेक्षा मोठे वाटायचे. आदल्या दिवशी सगळी मेंढरं भीमेत घालून धुवायची, मग कोरड्या माळावर बसवायची, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आली की आप्पा कातर घेऊन बाभळीखाली बैठक मारायचे. एकेक मेंढी आडवी पाडून तिचे पाय बांधले जायचे. कातरीची करकर, लोकरीचा तेलकट वास, तीन दगडांच्या चुलीवर रटरटणारं हुलग्याचं माडगं, आणि त्या सगळ्याच्या वर आप्पांचा आवाज. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. मी पाळण्यात असतानाच वडील गेले, आईला तिच्या माहेरच्यांनी दुसरं घर करून दिलं, आणि मी आप्पांच्या आणि नानीच्या, म्हणजे माझ्या चुलतीच्या, पदरात पडलो. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मला पोरकं वाटलं असं एकदाही आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं त्याला ही सबब चालणार नाही.

आप्पा ओव्या म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, डावा हात कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि कुठल्या तरी लांबच्या माणसाला हाक मारावी तशी ओळ टाकायचे. ओवी एकट्यानं म्हणायची नसते. एकानं ओळ टाकायची आणि दुसऱ्यानं तिचं शेपूट धरून ती लांबवर ओढत न्यायची. त्याला झील धरणं म्हणतात, आणि धरणाऱ्याला झीलकरी. तेवढ्या वेळात म्हणणारा श्वास घेतो आणि पुढची ओळ शोधतो. या ओव्या कुठं लिहिलेल्या नसतात, त्यांत देवाची गोष्ट असते आणि देव जसा वाट चालेल तशी ओवी पुढं सरकते. आप्पांचे झीलकरी होते धोंडिबामामा, शेजारच्या वस्तीवरचे, नात्यानं कुणीच नव्हेत. ते नसले की मी. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून आप्पांनी मला शेजारी बसवलं होतं. "मेंढरं निघाली माळावरनं, भीमा राहिली दूर," असं आप्पांनी टाकलं की मी माझ्या किरट्या आवाजात "राहिली दूऽऽर, रं दूर" असं ओढायचो, आणि नानी चुलीपाशी बसून हसू लपवायची.

एका कातरणीला मला खोडी सुचली. आप्पांनी ओळ टाकली आणि मी गप्प राहिलो. त्यांनी तीच ओळ पुन्हा टाकली. मी गप्पच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्यांचा आवाज जराही चढला नाही, पण ओळ पुढं जाईना. शेवटी त्यांनी कातर खाली ठेवली, पकड सुटली, आणि अर्धी कातरलेली मेंढी पायातली दोरी झटकून उठली आणि अर्ध्या अंगानं उघडी, अर्ध्या अंगानं लोकरीची अशी वस्तीभर पळत सुटली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. आप्पाही हसले, पण मग मला जवळ बसवून म्हणाले, "लेका, ओळ खाली पडू द्याची न्हाई. आवाजानं उचलली तरच ती वर येती. तू उचलल्याबिगर मला म्होरलं काय दिसतच न्हाई." मी पुन्हा कधी तशी खोडी केली नाही. निदान त्या वस्तीवर तरी नाही.

पुढं मोठा दुष्काळ पडला, निम्मी मेंढरं गेली, उरली ती आप्पांनी हळूहळू कमी केली आणि आम्ही ज्वारी-बाजरी करणारे शेतकरी झालो. मी मांडवगण फराट्याच्या शाळेतून बरे मार्क घेऊन बाहेर पडलो, तेव्हा मला पुण्याला कॉलेजात घालायचं हे आप्पांनीच ठरवलं. नावेतून भीमा ओलांडायची, पलीकडं मिळेल त्या वाहनानं केडगाव गाठायचं आणि दौंडहून येणारी पुण्याची गाडी धरायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा नानीनं दुधात मळलेल्या दशम्यांची चळत बांधून दिली होती. वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मीठ हाय का?" आणि अख्खं टेबल हसलं. त्यात वाईट हेतू नव्हता, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र मी अर्ध्या ताटावरून उठलो. पंधरा दिवस मी कुणाशी फारसं बोललोच नाही, नुसतं ऐकलं, आणि पंधरा दिवसांनी बोलायला लागलो ते त्यांच्यासारखं. घरी काय करतात, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "शेती. ऊस आहे." ऊस होता, खोटं नाही. शेजाऱ्याच्या रानात होता.

दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या महोत्सवाच्या कमिटीत गेलो. हा महोत्सव सगळा विद्यार्थीच चालवायचे. प्राध्यापक फक्त सह्या करायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे. तीन दिवस एकांकिका, सुगम गायन, मूकनाट्य, वक्तृत्व, आणि पुण्यातल्या बाकीच्या कॉलेजांची पोरं-पोरी आमच्या आवारात. महिनाभर आधीपासून आम्ही कॅन्टीनमध्ये बसून चहावर चहा रिचवत भांडायचो. अविनाश नावाचा मुलगा आमचा सेक्रेटरी होता, नाटकवेडा, उंच, बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबायचा नाही. मला तो फार आवडायचा. त्याच्यासारखा शर्ट मी शिवून घेतला होता, यावरून समजा. छातीला लाल फीत आणि पत्र्याचा बिल्ला, त्यावर 'संयोजक'. तो बिल्ला मी महोत्सवाच्या आठवडाभर आधीपासून लावून फिरत होतो.

एका बैठकीत अविनाश म्हणाला, "दरवर्षी तेच तेच. या वेळी काहीतरी अस्सल आणू. मातीतलं. किसन, तुझ्या शिरूर-दौंडकडं धनगरी ओव्या म्हणणारे असतील की रे?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या क्षणी मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे त्या मोठ्या रंगमंचावर, माइकसमोर, आप्पांचा आवाज ऐकायचा होता. खरंच ऐकायचा होता, त्यात काही खोट नाही. आणि दुसरी म्हणजे ते माझे कोण आहेत हे कुणाला कळायला नको होतं. मी म्हणालो, "आहेत एक. आमच्या गावचे. आप्पा म्हणतात त्यांना." आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला सगळं गावच आप्पा, आबा म्हणतं, त्यामुळं तो शब्द माझ्या सोयीचा निघाला. हाक मारताना जीभ चाचरणार नव्हती आणि नातंही उघडं पडणार नव्हतं. इतकी हुशारी अभ्यासात दाखवली असती तर पहिला आलो असतो.

पुढच्या रविवारी घरी जाऊन मी आप्पांना सांगितलं. ते गोठ्यात होते. हातातली वैरण तशीच धरून उभे राहिले. "पुन्यात? कालिजात? आमचं कोन ऐकनार रं तिथं?" मी म्हणालो, "ऐकतील आप्पा. मी आहे ना." त्यांनी धोंडिबामामांना निरोप धाडला, पेटीतलं धोतर काढून नानीला धुवायला दिलं आणि आठ दिवस वस्तीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले, की किसनानं बोलावलंय, किसनाच्या कालिजात. हे मला नानीनं मागाहून सांगितलं.

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात त्यांचा कार्यक्रम होता. स्टेशनवर घ्यायला जायचं कबूल करूनही मी गेलो नाही, पडदे लावायचं काम काढून बसलो. ते विचारत विचारत स्वतःच आले. पांढराधोट फेटा, खांद्यावर काळी घोंगडी, एका हातात फडक्यात बांधलेला डबा. एकटेच. मला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. "मामाला ताप भरलाय," ते म्हणाले. "परवापासनं अंगाव पांघरून हाय. म्हटलं, आपलं किसन हाय की तिथं झील धराया. उगं दुसरं मानूस कशाला उठवायचं?" मी काहीतरी म्हणालो. 'बघू' म्हणालो असेन. 'नाही' म्हणालो नाही, आणि 'हो'ही म्हणालो नाही. तेवढ्यात अविनाश आला आणि त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. चांगल्या घरचा मुलगा होता तो. त्यानं विचारलं, "आप्पा, आमच्या किसनला ओळखता ना तुम्ही?" आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. अगदी क्षणभरच. मग म्हणाले, "व्हय तर. आमच्याकडचंच पोरगं हाय."

डब्यात खरवस होता. मेंढीच्या चिकाचा, वेलदोडा घातलेला, नानीच्या हातचा. शेजारच्या कुणाच्या तरी मेंढीला नुकतंच कोकरू झालं होतं, तो चीक मागून आणून तिनं माझ्या मित्रांसाठी करून पाठवला होता. आमची सगळी कमिटी त्यावर तुटून पडली. कुणीतरी विचारलं, कुणी आणला, आणि मी तोंडात घास असताना म्हणालो, "त्या म्हाताऱ्यांनी." आप्पा तिथंच खिडकीपाशी फेटा सारखा करत होते. आजही ताटात खरवस आला की मी तो कडेला सारतो. सुनेला वाटतं, मला साखर वर्ज्य आहे.

मग त्यांचं नाव पुकारलं. मागं झोपडी आणि नारळाचं झाड रंगवलेला पडदा होता. आमच्या माळावर नारळ कुठून येणार, पण पडदा तयार होता म्हणून लावला. माइकसमोर एकच खुर्ची ठेवली होती. आप्पांनी ती हळूच बाजूला केली, घोंगडी अंथरली आणि तिच्या उजव्या अंगाला बसले. डावं अंग मोकळं ठेवलं. ती झीलकऱ्याची जागा. सभागृहात कुणालाच ते कळलं नाही. मला कळलं. मी डाव्या बाजूच्या पडद्याच्या कडेला उभा होतो, त्या मोकळ्या घोंगडीपासून चार पावलांवर.

त्यांनी कानाला हात लावला आणि ओळ टाकली. "मेंढरं निघाली माळावरनं, भीमा राहिली दूर." असा आवाज त्या सभागृहानं कधी ऐकला नसावा. सगळं चिडीचूप झालं. आणि आप्पा थांबले. वाट पाहत थांबले. माझ्या घशात ते शेपूट तयार होतं, मला ते नुसतं सोडायचं होतं. शेजारी अविनाश उभा होता. समोर पाच-सातशे मुलं, पहिल्या रांगेत माझे प्राध्यापक, तिसऱ्या रांगेत आमच्या वर्गातल्या मुली. मी पडद्याची दोरी धरून उभा राहिलो. आप्पांनी ओळ पुन्हा टाकली. पुन्हा थांबले. तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी नाकातून ओरडलं, "दूऽऽर!" आणि दहा-वीस जणांनी त्याच्यामागं "दूऽऽर! दूऽऽर!" सुरू केलं. हुटिंग ही त्या महोत्सवाची रीतच होती, भल्याभल्यांची तिथं दाणादाण उडालेली. पण आप्पांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी त्या अंधाराकडं बघून हात जोडले, आणि पुढची ओळ टाकली.

मला हे लिहितानाही नीट बसवत नाही. ते टिंगल करत होते आणि आप्पा त्यांना झीलकरी समजून गात होते. देव माळावर आला, देवानं पाणी शोधलं, प्रत्येक ओळीला मागून आरोळी, शिट्टी, हशा, आणि प्रत्येक आरोळीला आप्पांची मान कौतुकानं डोलायची. अविनाश तोंडाला रुमाल लावून हसत होता. म्हणाला, "काय धमाल म्हातारा आणलास रे!" मी हसलो. हो, हसलोसुद्धा. मग पोरांना कंटाळा आला. तशा आरोळ्या किती वेळ मारणार? पुढच्या ओळीला कुणीच काही बोललं नाही. देव पाण्याच्या काठाशी उभा होता आणि ओळ खाली पडून होती. आप्पांनी ती पुन्हा टाकली. पुन्हा. चौथ्यांदा. त्यांना पुढचं दिसत नव्हतं. ते शेजारच्या मोकळ्या घोंगडीकडं तोंड करून थांबले. सभागृहात खोकले सुरू झाले, आणि अविनाशनं मला हातानं खूण केली. दोरी माझ्याच हातात होती. मी पडदा पाडला.

स्टेशनवर मात्र मी सोडायला गेलो. संध्याकाळची गाडी लागलेली होती. आप्पा खिडकीशी बसले, घोंगडी मांडीवर घेऊन. मग म्हणाले, "पोरं गुनाची हायती. वळख न्हाई, पाळख न्हाई, तरी धरली झील." मी फलाटाकडं बघत राहिलो. "उजेड लई व्हता रं तिथं," ते म्हणाले. "डोळ्याम्होरं नुसती अंधारी. काय बी दिसत न्हवतं. तुला कुटं तरी कामाला जुपलं आसल, न्हवं?" मी म्हणालो, "हो आप्पा. गेटवर होतो." ते म्हणाले, "तरीच. म्या म्हनलंच." गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या छातीवरचा बिल्ला बोटानं सरळ केला. तो वाकडा झाला होता.

त्यानंतर ते कधी त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत. ओव्या म्हणत राहिले. सुट्टीत मी घरी गेलो की बांधावर, गोठ्यात, आवाज यायचा. मी जाऊन शेजारी बसलो की ओवी थांबायची नाही, पण रीत बदललेली असायची. आप्पा ओळ टाकायचे आणि तिचं शेपूटही स्वतःच ओढायचे. माझ्यासाठी थांबायचे नाहीत. एकदा मी न राहवून त्यांच्या आवाजात आवाज मिसळला, तर त्यांनी मला जागा करून दिली, मी ओढलं, आणि पुढची ओळ आली ती मात्र पुन्हा सगळी त्यांचीच, शेपटासकट. रागानं नव्हे. एखाद्याला ओझं उचलायला सांगू नये म्हणून आपणच उचलावं, तसं. श्वास पुरायचा नाही त्यांना. मधेच दम लागायचा. हे मी बघत होतो, आणि तरीही 'आप्पा, मी गेटवर नव्हतो' एवढं वाक्य मला त्यांच्या उरलेल्या आयुष्यात म्हणता आलं नाही. पुढं मी दौंडला शिक्षक झालो, बत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं.

आप्पा गेल्यावर मी नानीला दौंडला माझ्याकडं आणलं. ती बरीच वर्षं होती. एका दुपारी आम्ही दोघं ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. रेडिओवर कुठल्याशा युवक महोत्सवाचं काही लागलं होतं, कडकडून टाळ्या वाजत होत्या. मी उठून रेडिओ बंद केला. नानीनं मान वर केली नाही. म्हणाली, "अजून लागतंय व्हय रं?" मी विचारलं, काय? ती म्हणाली, "त्यांनी मला तवाच सांगितलं व्हतं. घरी आले, पानी प्याले, आन् म्हनले, पोरं चेष्टा करत व्हती गं, मला काय कळत न्हाई व्हय? पर कुनीतरी उचलत व्हतं, म्हनून म्हनत ऱ्हायलो." मी विचारलं, "आणि मी?"

"तू पडद्याच्या कडंला व्हतास म्हनं. बिल्ला चमकत व्हता," नानी म्हणाली. "मी म्हनलं, मंग इचारलं का न्हाई पोराला? तर म्हनले, इचारलं तर पोरगं सुट्टीला घरी यायचं न्हाई. म्हनून मीच त्याला काम काढून दिलं." शेंगांची फोलपटं तिनं पदरातून खाली झटकली. मग माझं तोंड बघून असेल, म्हणाली, "आन् हे बी म्हनले, की त्याचं ओठ हलत व्हतं. चारी बारीला हललं. म्हनले, उचलली गं त्यानं ओळ, आवाज तेवढा आला न्हाई."

माझे ओठ हलत होते हे मला माहीत नव्हतं. असतीलही. आता माझी नात पुण्याला अशाच एका महोत्सवाच्या कमिटीत आहे, दरवर्षी बोलावते आणि मी गुडघ्यांचं कारण सांगतो. आप्पांची घोंगडी माझ्या खोलीत आहे. कधी घरात कुणी नसलं की मी ती अंथरतो आणि तिच्या डाव्या अंगाला बसतो. आप्पांनी मला माफ केलं होतं, असं नानी शेवटपर्यंत सांगत राहिली. मला ते मानता येत नाही. ओळ आवाजानंच उचलावी लागते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.